लिंबाखालचा पाऊस

द्वारकाबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवीत, आणि सरासरीचा धडा आला की त्यांचं डोकं फिरे. माझी धाकटी बहीण त्यांच्या वर्गात होती. तिनं घरी येऊन सांगितलेलं मी विसरलेलो नाही. बाई फळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझं लग्न आठव्या वर्षी झालं. दहाव्या वर्षी नवरा गेला. आज मी चाळिशीला आले. माझ्या सौभाग्याची सरासरी काढा बघू, दर वर्षाला किती येतं ते.”

मुली माना खाली घालून बसल्या. एकीनं खरंच पाटीवर भागाकार मांडला. बाईंनी ती पाटी उचलून साऱ्या वर्गाला दाखवली. “उत्तर अगदी बरोबर आहे. दर वर्षी थोडं थोडं सौभाग्य मला मिळालेलं आहे. आता मला हळदीकुंकवाला कोण बोलावतं, ते सांगा.”

अशी ही बाई. विधवा असून केस राखलेले, म्हणून गल्लीतल्या सोवळ्या घरांत त्यांच्या हातचं पाणी चालत नसे. जीभ तिखट, म्हणून शाळेच्या चालकांना त्या चालत नसत. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी एवढ्यावर दिवस काढायच्या आणि आलेल्या माणसालाही तेच वाढायच्या. “गोड काही नाही. गोड हवं असेल तर पुण्याला जा.” नमस्कार केला तर आशीर्वाद देत नसत, विचारत, “तुमच्याकडे उत्तरा कशा गेल्या?” भाजीवाली असो, न्हावी असो, मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेला परगावचा पालक असो, आधी त्याच्या गावच्या पावसाची चौकशी. आमच्या सोलापूर जिल्ह्यात ज्वारी उत्तरा आणि हस्ताच्या पावसावर येते. ती दोन नक्षत्रं कोरडी गेली की पुढचं वर्ष गेलं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाईंना मात्र ते साऱ्या जिल्ह्याचं, आणि मागच्या सगळ्या वर्षांचं ठाऊक करून घ्यायचं होतं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो कामासाठीच. आम्ही चारदोन पोरं मिळून शेतकऱ्यांच्या बाजूनं पत्रकं काढत असू. दक्षिणेकडच्या एका तालुक्यात शेतसारा भरता भरता माणसं मेटाकुटीला आली होती. तालुक्याचं नाव मी लिहीत नाही; लिहून काय करायचं, हे कुठंही झालं असतं. सारा कायमचा उतरवून मागायचा, तर पुरावा हवा. कुणीतरी म्हणालं, साळ्यांच्या गल्लीत एक गणिताच्या बाई आहेत, त्यांच्या भिंतीवर पाऊस टांगलेला आहे.

खरंच टांगलेला होता. शेजारी तेलुगू साळ्यांचे माग खटखटत होते, आणि इकडे बाईंच्या खोलीच्या लांब भिंतीवर खुंट्याच खुंट्या. प्रत्येक खुंटीला लोकरीचा एक दोर. एक दोर म्हणजे एका तालुक्याचा एका वर्षाचा पाऊस. इंचाला एक बोट या मापानं कापलेला. प्रत्येक तालुक्याचा रंग निराळा. आकडे सरकारी गॅझेटात छापून येत, ते बाई वाचनालयात बसून टिपून आणत. लोकर देई म्हाळसा. ही खडकेवाडीची धनगरीण, आमच्या त्याच तालुक्यातली. बाजारला घोंगड्या घेऊन आली की बाईंच्या ओट्यावर टेकायची.

“आकडे वाचून पाऊस कळत नाही,” बाई म्हणाल्या. “आकडा दरवर्षी शेजारच्या आकड्याशी भांडतो. लांब उभं राहून बघ. मग भिंत काय म्हणते ते दिसेल.”

मी दाराशी जाऊन उभा राहिलो. बार्शीचा पांढरा, करमाळ्याचा तांबूस, सगळे दोर खालीवर नाचत होते. एक लांब, पुढचा आखूड, त्यापुढचा पुन्हा लांब. दक्षिणेच्या तालुक्याचे काळे दोर तेवढे नाचत नव्हते. सुरुवातीला तेही खालीवर होत, पण पुढे पुढे त्यांची खालची टोकं ओळीनं वर चढत गेली होती, घराच्या पाख्यासारखी. शेवटचे दोर तर वीतभर आखूड.

“बाई, पाऊस आटतोय! हे तर उघड दिसतंय!”

“दिसतंय,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद होता, लपवला तरी लपत नव्हता. कितीतरी वर्षं एकटीनं केलेल्या कामातून पहिल्यांदा काहीतरी दिसलं होतं. “छाप. माझ्या नावानं छाप. बाईचं नाव घालायला लाजू नकोस.”

आम्ही छापलं. ‘दक्षिणेचा पाऊस आटला, सारा का आटत नाही?’ गावोगाव वाचलं गेलं. खडकेवाडीला चावडीसमोर बाई स्वतः बोलल्या, दोर हातात धरून. माणसांना आकडे कळले नसते, पण आखूड दोर सगळ्यांना कळला. म्हाळसाचा म्हातारा सासरा, बिरूतात्या, पुढे येऊन दोर चाचपून बघत म्हणाला, “आमी म्हनत हुतोच की. आमच्या बापाच्या येळंला असं नव्हतं.” तेवढ्यावर सभा जिंकली. प्रांतसाहेबांनी तालुक्याच्या कचेरीत सुनावणी लावली. लोक म्हणू लागले, बाई आपला सारा उतरवणार.

सुनावणीच्या आधी बाईंच्या मनात काय आलं कोण जाणे. मला म्हणाल्या, “सदाशिवा, ते भांडं मी कधी पाहिलंच नाही रे.”

“कोणतं भांडं?”

“पाऊस मोजायचं. ज्याच्या जिवावर एवढं बोलतेय ते. इतकी वर्षं आकडे घेतले, पण बाईमाणसानं कचेरीच्या आवारात जायचं कशाला, म्हणून गेले नाही. आणि मला आणखी एक खटकतंय. पाऊस असा सुबक उतरत नसतो. तो लहरी. ही उतरण कुणातरी शिस्तीच्या जीवाची वाटते.”

सर्व्हिस मोटारीनं गेलो. उतरलो तेव्हा भुरभुर चालू होती. कचेरीच्या आवारात एक मोठा लिंब, खाली शेंदूर फासलेला दगड, दगडाला तेल, निवदाची भाकरी. शिपाई हणमा बाईंना बघून धावत आला. सज्जन माणूस. म्हणाला, “बाई, भिजताय की वो! अशा लिंबाखाली या. हितं एक थेंब येत न्हाय बगा.”

बाई लिंबाखाली गेल्या. खरंच थेंब येत नव्हता. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, खाली बघितलं, आणि त्यांच्या पायाशी, दगडी ओट्यावर, पावसाचं सरकारी भांडं होतं.

आधी बाई हसल्या. त्यांना असं पोट धरून हसताना मी तेवढंच पाहिलं. मग हसणं थांबलं आणि त्यांनी त्या ओल्या ओट्यावरच बसकण मारली.

“हणमा, हे झाड कधीचं?”

“मी नोकरीला लागलो तवा हे गुडघ्याएवढं हुतं. मीच वाढीवलंय म्हना की. आई हाय ना तितं.”

“आणि भांडं?”

“भांडं आदीपासनं हितंच. हलवायचं न्हाय, वरनं हुकूम हाय.”

“मग फांद्या छाटायच्या.”

हणम्यानं कानाला हात लावला. “आईच्या लिंबाला कोयता? बाई, इतके मामलेदार आले नि गेले. समदे याच सावलीत खुर्ची टाकून बसले. कोन न्हाय बोललं.”

झालं होतं ते एवढंच. भांडं हलवायचं नाही हा सरकारचा हुकूम, झाडाला हात लावायचा नाही हा देवीचा. दोन्ही हुकूम इमानानं पाळले गेले. झाड वाढत गेलं, भांड्यावरची पानं दाटत गेली, आणि दरवर्षी थोडा जास्त पाऊस लिंबानं खाल्ला. बाईंच्या भिंतीवरची ती काळी उतरण पावसाची नव्हतीच. ती लिंबाच्या वाढीची होती.

परतीच्या मोटारीत मी बाईंना स्वच्छ सांगितलं, गप्प बसा. आकडे सरकारचे, भांडं सरकारचं, झाडही सरकारच्या आवारातलं. त्यांची चूक त्यांच्याच गळ्यात पडतेय, पडू द्या. सरकार रोज खोटं बोलतं; आपण एकदा नुसतं न बोललो तर काय आभाळ कोसळणार आहे?

“खरं न बोलताच छापायचं असतं, तर माझ्याकडे कशाला आलास?” बाई म्हणाल्या. “शाई तुझ्याकडे होतीच.”

“बाई, खडकेवाडीची माणसं मरतील.”

“ऐक. पाऊस आटलेला नाही. बाकीच्या भिंतीवर कुठंच आटलेला नाही. तिथला पाऊस पहिल्यापासूनच पुरेसा नव्हता. दोनचार बऱ्या वर्षांत कुणीतरी येऊन सारा बांधून गेला, तेव्हापासून तो अन्यायच आहे. खरं भांडण ते आहे. लिंबाच्या जोरावर भांडलो आणि उद्या कुणी फांदी छाटली, तर?”

मला तेव्हा ते पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पुरतं पटलेलं नाही.

सुनावणीला आवार माणसांनी भरलं होतं. खडकेवाडीचे लोक पुढे बसले होते, म्हाळसा बायकांत. बाई उभ्या राहिल्या आणि आधी आपल्याच पत्रकावर पाणी ओतलं. भांडं कुठं आहे ते सांगितलं, झाड दाखवलं. लोकांत कुजबुज झाली. मागून एकजण ओरडला, “बाई कुनाची हाय रं ही?” बाई बोलत राहिल्या. पाऊस आटलेला नाही, पण तो कधीच पुरत नव्हता. साराच मुळात चुकीचा बसवलाय. बाकीच्या तालुक्यांशी ताडून बघा.

प्रांतसाहेब आपल्यातलेच, शिकलेले, मऊ बोलणारे. त्यांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे बाई, आम्ही लिहितो त्याहून तिथं पाऊस जास्तच पडतो, असंच ना?”

“पडतो. पण पडतो तेवढाही ज्वारीला—”

“पुरतो की नाही हा वेगळा प्रश्न झाला. जास्त पडतो, एवढं आपण मान्य करता.”

“करते.”

“आभारी आहे.”

बाईंनी मग हात जोडले. त्या बाईला कुणापुढे हात जोडताना मी बघू शकलो नाही. “साहेब, एवढं एक करा. झाड तोडू नका. भांडं हलवू नका. दुसरं भांडं उघड्यावर ठेवा आणि काही वर्षं दोन्ही मोजा. झाड किती खातं ते कळलं की मागचे सगळे आकडे दुरुस्त करता येतील. झाड आत्ताच तोडलंत तर ते कधीच कळणार नाही.”

साहेबांनी मान डोलावली. सारा जसाच्या तसा राहिला. आणि लिंब मात्र आठवड्याच्या आत तुटला. शाळेला छप्पर मागितलं तर वर्षं जातात. इथं कुऱ्हाड लगेच आली. हणम्यानं आईचा दगड डोक्यावर घेऊन मागच्या भिंतीला नेऊन ठेवला, आणि म्हणे त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढच्याच वर्षी हस्त कोरडा गेला. उत्तरा एकदा शिंपडून गेल्या तेवढंच. ज्वारी वितीवर करपली. विहिरींतून गाळ निघू लागला. खडकेवाडीनं साऱ्याची सूट मागणारा अर्ज केला, दुष्काळी काम काढा म्हणून अर्ज केला. कचेरीतून उत्तर आलं: यंदा तालुक्यात पाऊस सरासरीहून अधिक झालेला आहे, सबब सूट देता येत नाही.

ते उत्तर मी तीनदा वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं, हीच तर हरामखोरी. भांडं आता उघड्यावर होतं. जो थोडा पाऊस पडला तो सगळा भांड्यात पडला. आणि सरासरी मात्र लिंबाखालच्या वर्षांची, आखूड दोरांची. त्या आखूड मापाशी ताडलं तर दुष्काळही भरघोस दिसत होता. बाईंनी जे सांगितलं होतं तेच झालं होतं, फक्त आमच्या उरावर.

बाई पुन्हा साहेबांकडे गेल्या. मी बरोबर होतो. साहेबांनी ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. “तुमचं म्हणणं मला समजतं, बाई. पण जुने आकडे दुरुस्त करायला वरचा हुकूम लागतो. तोवर आहे त्या सरासरीवर चालायचं.”

“साहेब, तुम्हाला समजतं म्हणालात.”

“मला समजून काय उपयोग?” साहेब म्हणाले. ते लबाडीनं बोलले नव्हते, आणि म्हणूनच मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

बाईंनी त्या वर्षाचा काळा दोर कापला आणि स्वतःच्या हातानं खुंटीला बांधला. मागच्या कितीतरी दोरांपेक्षा तो लांब होता. मी म्हटलं, निदान हा तरी टांगू नका. “मोजलेलं आहे,” एवढंच म्हणाल्या.

त्याच सुमारास म्हाळसा आली. या खेपेला घोंगड्या नव्हत्या. ओट्यावर न टेकता आत येऊन भिंतीसमोर उभी राहिली. दोर कुठला कुणाचा, हे तिला आमच्याइतकंच कळत होतं, लोकर तिचीच.

“बाई, यंदाचा लांब हाय की वो.”

“हो.”

“मग माजी मेंढरं कशानं मेली?”

सरासरीवर वर्गच्या वर्ग गप्प करणाऱ्या बाईंनी यंदाचा दोर हातात धरला आणि सोडून दिला. म्हाळसाच म्हणाली, “तुमी खरं बोललासा त्ये मला ठावं हाय. गावात समदी तुमास्नी शिव्या घालत्यात, मी न्हाय घालत. पन बाई, खऱ्यानं आमचं कुटं काय झालं?”

ती जायला निघाली तेव्हा बाई काळे दोर खुंट्यांवरून सोडू लागल्या. “घेऊन जा. लोकर तुझी आहे. विकून चार दिवस निघतील.”

म्हाळसा मागे सरकली. “न्हाय वो बाई. ती आता पावसाची झाली. ऱ्हाऊ द्या.”

ती नवऱ्याबरोबर नीरेच्या कालव्याकडे उसात कामाला गेली, असं नंतर कळलं. पुन्हा दिसली नाही.

मी पत्रक काढलं. ‘सरकारचा लिंब’ असं नाव दिलं आणि साहेबांना उद्देशून मला जे म्हणायचं होतं ते त्यात म्हटलं. त्यासाठी आत गेलो, त्याचं काही नाही. पण पत्रकात बाईंचं नाव होतं, आणि शाळेला सरकारी मदत मिळत होती. चालकांना निमित्त हवंच होतं. बाईंना घरी बसवलं. तुरुंगात मला भेटायला बहीण आली तेव्हा तिनं सांगितलं की शेवटच्या तासाला बाईंनी सरासरीचाच धडा घेतला, पुस्तकातला, जसाच्या तसा, एकही वाकडा शब्द न बोलता. मुलींना तेच जास्त भीतीदायक वाटलं.

सुटून आलो तो बाईंच्या खोलीला कुलूप. शेजारची साळीण म्हणाली, बाई कुंभारी गावाजवळ एका ओळखीच्या घरी राहतात, चार मुलं शिकवतात. आणि दर आठवड्याला कुठंतरी गाडीनं जातात. कुठं, ते मला विचारावं लागलं नाही.

खडकेवाडी ओसाड होती. घरांची दारं लोकांनी जाताना काढून नेलेली, त्यामुळे प्रत्येक घर तोंड उघडं टाकून बसल्यासारखं. गावाबाहेरच्या माळावर मी बाईंना लांबूनच पाहिलं. तांबटाकडून घडवून घेतलेलं एक भांडं त्यांनी दगडांच्या ओट्यात नीट बसवलं होतं, चहूकडे उघडा माळ, जवळपास भिंत नाही, झुडूप नाही. चार पावलांवर बिरूतात्या बसला होता. पाय चालत नाहीत म्हणून मागं राहिलेला. मधल्या दिवसांत भांड्याची राखण तोच करी.

“हे कुणासाठी मोजताय, बाई?” मी विचारलं. “गावच नाही.”

“आकडा मान्य करणारं कुणी नाही, हे माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “पण पुढं कुणी विचारलं, तर हा एक दोर तरी सरळ असू दे.”

त्यांनी भांडं उचललं, उपडं केलं. थोडी धूळ पडली. पदरानं आतून पुसून पुन्हा बसवलं. मग त्या एकदम खाली वाकल्या. भांड्याच्या ओट्याशी, दगडांच्या सांधीतून, लिंबाचं एक रोप वर आलं होतं. दोन-तीन पानांचं, कावळ्यानं टाकलेल्या लिंबोळीचं असणार.

तात्या हसला. “पुन्यांदा आली बगा तुमची सवत. उपटून टाका.”

बाईंनी बोटांनी माती उकरली. मला वाटलं, आता पिरगाळून फेकतील. त्यांनी ते मुळासकट सोडवून तळहातावर घेतलं आणि माळावरून चालू लागल्या. बऱ्याच लांब गेल्यावर थांबल्या, मागं वळून भांड्याकडे पाहिलं, आणि ओरडून विचारलं, “तात्या, मोठं झाल्यावर सावली इथून तिथवर जाईल का रे?”

तात्यानं कपाळावर हात धरून अंदाज घेतला. “सांजच्याला जाईल की वो, बाई!”

बाई आणखी पुढं गेल्या. तिथं गुडघे टेकून बसल्या, रोप लावलं, आणि प्यायला आणलेल्या तांब्यातलं सगळं पाणी त्याच्या मुळाशी ओतलं.